जेम्स लाँगस्ट्रीट: गेटिसबर्गचा दोष त्याच्या माथी केव्हा बसला?

उत्तरायण

अमेरिकेतील यादवी युद्धाची चर्चा निघाली की दक्षिणेच्या बाजूने रॉबर्ट ली आणि स्टोनवॉल जॅक्सन ही दोन नावे सर्वांत आधी येतात. लीच्या सैन्यातील पहिल्या कोअरचा (अनेक डिव्हिजनांच्या मोठ्या तुकडीचा) सेनापती, लेफ्टनंट जनरल या हुद्द्यात जॅक्सनपेक्षा एका दिवसाने ज्येष्ठ आणि ॲपोमॅटॉक्सच्या शरणागतीच्या वेळी लीबरोबर असलेला जेम्स लाँगस्ट्रीट मात्र बहुधा एका वाक्यात निकाली काढला जातो: त्याने जुलै १८६३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्गच्या लढाईत चालढकल केली आणि म्हणून दक्षिण हरली. माझे म्हणणे असे आहे की या ठपक्याला आजचे रूप लढाईनंतर जवळजवळ दहा वर्षांनी आले, आणि तो ठेवणाऱ्यांना १८६३ सालच्या लाँगस्ट्रीटपेक्षा १८६७ नंतरचा लाँगस्ट्रीट अधिक सलत होता.

त्याचा जन्म ८ जानेवारी १८२१ रोजी साउथ कॅरोलायनातील एजफील्ड परगण्यात झाला. नवव्या वर्षी शिक्षणासाठी त्याला जॉर्जियातील ऑगस्टा येथे काकांकडे ठेवण्यात आले. हे काका, ऑगस्टस बाल्डविन लाँगस्ट्रीट, वकील, न्यायाधीश, मेथडिस्ट धर्मोपदेशक, लेखक आणि राज्यांच्या हक्कांचे कडवे पुरस्कर्ते होते, आणि त्यांच्या मळ्यावर गुलाम राबत असत. वडील १८३३ मध्ये पटकीच्या साथीत गेले. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून १८४२ मध्ये तो बाहेर पडला तेव्हा ५६ जणांत त्याचा क्रमांक ५४वा होता. पुस्तकात त्याचे मन फारसे रमत नव्हते, असे यावरून समजावे. त्याच्या मागच्या वर्गात युलिसिस ग्रँट होता. पुढे सेंट लुईसजवळच्या जेफरसन बॅरॅक्समध्ये दोघे एकत्र राहिले, आणि ग्रँटने जिच्याशी लग्न केले ती जुलिया डेंट लाँगस्ट्रीटच्या दूरच्या नात्यातली होती.

मेक्सिकोच्या युद्धात, १३ सप्टेंबर १८४७ रोजी, चापुल्टेपेकच्या किल्ल्यावर चढताना आठव्या पायदळ पलटणीचा ध्वज लाँगस्ट्रीटच्या हाती होता. मांडीत गोळी लागल्यावर त्याने तो ध्वज जवळच्या एका लेफ्टनंटाकडे दिला. तो लेफ्टनंट म्हणजे जॉर्ज पिकेट. त्यानंतरची वर्षे सरहद्दीवरच्या ठाण्यांत आणि पगारवाटप खात्यात गेली. १८६१ मध्ये न्यू मेक्सिकोतील मेजरच्या पदाचा राजीनामा देऊन तो दक्षिणेच्या सैन्यात गेला. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या राज्यांच्या बाजूने त्याने शस्त्र उचलले, ही गोष्ट पुढची कहाणी कितीही गुंतागुंतीची असली तरी बदलत नाही.

जानेवारी १८६२ मध्ये रिचमंड शहरात लोहितज्वराची साथ आली आणि जेमतेम आठवड्याभरात त्याची तीन मुले दगावली. पत्त्यांच्या डावात आणि गप्पांत रमणारा हा माणूस त्यानंतर अबोल झाला, असे त्याच्या सहकाऱ्यांनी नोंदवले आहे.

सेनापती म्हणून त्याची खरी ताकद दोन गोष्टींत होती: योग्य क्षणापर्यंत थांबणे, आणि थांबून झाल्यावर सगळे बळ एकदम लोटणे. ३० ऑगस्ट १८६२ रोजी मॅनॅससच्या दुसऱ्या लढाईत त्याने सुमारे २५,००० सैनिक युनियनचा म्हणजे उत्तरेचा सेनापती पोप याच्या उघड्या पडलेल्या डाव्या बगलेवर घातले आणि संपूर्ण युनियन सैन्य मागे रेटले. अँटीटमच्या रक्तबंबाळ दिवसानंतर लीने त्याला आपला जुना युद्धाश्व म्हणून हाक मारली. १३ डिसेंबर १८६२ रोजी फ्रेडरिक्सबर्ग येथे मेरीज हाइट्सच्या पायथ्याशी असलेल्या खोलगट रस्त्याच्या दगडी भिंतीआड त्याचे पायदळ उभे होते आणि वरच्या टेकडीवर तोफा होत्या. युनियनच्या ब्रिगेडमागून ब्रिगेड त्या भिंतीवर चालून आल्या. एकीलाही भिंतीपर्यंत पोहोचता आले नाही. त्या लढाईत युनियनचे सुमारे १२,६०० सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, आणि त्यांतले बहुसंख्य याच भिंतीसमोर पडले. दूरवर मारा करणाऱ्या रायफलींच्या काळात मोर्चा धरून बसलेल्या शत्रूवर समोरून चालून जाणे म्हणजे माणसे वाया घालवणे होय, हे लाँगस्ट्रीटने त्या दिवशी उघड्या डोळ्यांनी पाहिले होते. सात महिन्यांनी गेटिसबर्गला त्याच्या मनात काय चालले असेल, हे याशिवाय कळत नाही.

१ जुलै १८६३ च्या सायंकाळी सेमिनरी रिजवरून समोरची टेकडी पाहून त्याने लीला सुचवले की युनियनच्या डाव्या बाजूला वळसा घालून वॉशिंग्टन आणि युनियनचा सेनापती मीड याचे सैन्य यांच्यामध्ये जावे, सोयीची जागा धरावी आणि हल्ला त्यांना करू द्यावा. ली शत्रू जेथे आहे तेथेच त्याला गाठण्याच्या मनःस्थितीत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास लाँगस्ट्रीटच्या हूड आणि मॅक्लॉज यांच्या डिव्हिजनांनी हल्ला केला. डेव्हिल्स डेन, गव्हाचे शेत आणि पीचची बाग येथे भीषण लढाई झाली, आणि लिटल राउंड टॉप हाती आला नाही. तिसऱ्या दिवशी सुमारे १२,५०० सैनिक उघड्या मैदानातून युनियनच्या मध्यावर पाठवायचे ठरले. हा हल्ला फसणार असे लाँगस्ट्रीटने लीला स्पष्ट सांगितले होते. पिकेटने निघण्याची परवानगी मागितली तेव्हा लाँगस्ट्रीटच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्याने नुसती मान हलवली. गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. परतणाऱ्या सैनिकांना सामोरा जाऊन लीने दोष आपला असल्याचे सांगितले.

यानंतरही लाँगस्ट्रीटचे स्थान ढळले नाही. सप्टेंबरात त्याचे सैन्य रेल्वेने शेकडो मैलांचा वळसा घालून जॉर्जियात आले आणि २० सप्टेंबरला चिकामॉगा येथे युनियनच्या फळीत चुकीच्या आदेशामुळे पडलेल्या खिंडारातून त्याने हल्ला घुसवला. ६ मे १८६४ रोजी विल्डरनेसच्या जंगलात त्याने एका अर्धवट रेल्वेमार्गाच्या आडून युनियनच्या हॅन्कॉकची बगल मोडली आणि त्याच घाईत त्याच्याच बाजूच्या सैनिकांनी झाडलेली गोळी त्याच्या गळ्यातून व खांद्यातून गेली. वर्षभरापूर्वी जॅक्सनला जेथे अशीच गोळी लागली होती, ती जागा तेथून काही मैलांवर आहे. लाँगस्ट्रीट वाचला, ऑक्टोबरात परतला, परंतु त्याचा उजवा हात आणि आवाज पूर्ववत झाला नाही. लीचा त्याच्यावर विश्वास उरला नसता तर पहिली कोअर पुन्हा त्याच्या हाती आली नसती.

युद्धानंतर तो न्यू ऑर्लिन्सला कापसाच्या अडतीत आणि विम्याच्या धंद्यात गेला. १८६७ मध्ये त्याने तेथील वृत्तपत्रांत पत्रे लिहून सांगितले की आपण हरलो आहोत, जिंकणाऱ्यांचे कायदे मान्य केले पाहिजेत आणि पुनर्रचनेला (युद्धानंतर दक्षिणेची घडी नव्याने बसवण्याच्या केंद्राच्या कार्यक्रमाला) सहकार्य केले पाहिजे. काकांनी ती पत्रे छापू नयेत असा सल्ला दिला होता. पत्रे छापून आली आणि गोऱ्या दक्षिणेने त्याच्याकडे पाठ फिरवली. पुढे तो लिंकनच्या रिपब्लिकन पक्षात गेला, त्याने ग्रँटला पाठिंबा दिला, आणि १८६९ मध्ये ग्रँटने त्याला न्यू ऑर्लिन्स बंदराच्या जकात खात्यात नेमले.

ली १२ ऑक्टोबर १८७० रोजी वारला. १९ जानेवारी १८७२ रोजी, लीच्या जन्मदिनी, लीचा एक माजी सेनापती जुबल अर्ली याने लेक्सिंग्टनच्या महाविद्यालयात भाषण करून गेटिसबर्गच्या पराभवाचे खापर लाँगस्ट्रीटवर फोडले. पुढच्या वर्षी लीच्या तोफखान्याचा माजी प्रमुख विल्यम पेंडल्टनने त्यात भर घातली: म्हणे लीने २ जुलैला सूर्योदयाला हल्ला करण्याचा आदेश दिला होता आणि लाँगस्ट्रीटने तो पाळला नाही. लीच हयात नव्हता, त्यामुळे त्याला विचारण्याची सोय उरली नव्हती.

तोफखाना

विस्तृत लेखाबद्दल आभार, परंतु चित्र एकाच बाजूने रंगवले आहे असे वाटते. सूर्योदयाचा आदेश खोटा होता हे मान्य. तरीही २ जुलैच्या सकाळी लाँगस्ट्रीटने तत्परता दाखवली असे म्हणता येणार नाही. आदेश मिळाल्यावर त्याने हूडच्या डिव्हिजनमधील लॉची ब्रिगेड येईपर्यंत थांबण्याची परवानगी मागितली. नंतर लिटल राउंड टॉपवरच्या युनियनच्या झेंड्यांनी संदेश देणाऱ्या टेहळणी ठाण्याला दिसू नये म्हणून सैन्य अर्ध्या वाटेतून उलटे वळवावे लागले. हूडने उजवीकडून वळसा घालण्याची परवानगी वारंवार मागितली, तेव्हा आदल्या सायंकाळी जवळपास हीच कल्पना मांडणाऱ्या लाँगस्ट्रीटने लीच्या आदेशाकडे बोट दाखवून ती नाकारली. वरिष्ठाने आपले ऐकले नाही म्हणून हातचे राखून काम करणारा माणूस मला त्यात दिसतो.

शिवाय स्वतंत्र कामगिरीत तो उघडा पडला. १८६३ च्या नोव्हेंबरात त्याला नॉक्सव्हिलला पाठवले. २९ नोव्हेंबरच्या गारठलेल्या पहाटे फोर्ट सँडर्सवर हल्ला झाला. खंदक किती खोल आहे याची नीट पाहणी झाली नव्हती आणि शिड्या नव्हत्या. झाडांच्या बुंध्यांत ताणलेल्या तारांत अडखळत सैनिक खंदकात उतरले आणि तेथेच अडकले. सुमारे २० मिनिटांत त्याने ८१३ माणसे गमावली, तर किल्ल्याच्या आत युनियनचे १३ जण कामी आले किंवा जखमी झाले. त्यानंतर त्याने मॅक्लॉजसारख्या जुन्या सहकाऱ्यावर लष्करी न्यायालयात आरोप ठेवले. फ्रेडरिक्सबर्गच्या दगडी भिंतीने त्याला जे शिकवले, ते त्या पहाटे कोठे गेले होते?

दूरदेशी

मी काही वर्षे अटलांटाच्या परिसरात राहत आहे. लाँगस्ट्रीट १८७५ मध्ये ज्या गेन्सव्हिल गावी येऊन राहिला ते येथून उत्तरेस तासाभराच्या अंतरावर आहे. तेथे त्याने हॉटेल चालवले, द्राक्षे लावली आणि टर्की पाळल्या. दफनही तेथेच, आल्टा व्हिस्टा स्मशानभूमीत. जॉर्जियात त्याचे पुतळे शोधायला निघालात तर फार हिंडावे लागेल, ही उत्तरायण यांच्या मुद्द्याची एक बाजू म्हणता येईल. गेटिसबर्गच्या रणांगणावरही त्याचा पुतळा १९९८ मध्ये बसला, म्हणजे लढाईनंतर १३५ वर्षांनी. लीचा पुतळा तेथे १९१७ पासून उभा आहे.

त्याची दुसरी पत्नी हेलन डॉर्च हिच्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडी भर घालतो. १८९७ मध्ये लग्न झाले तेव्हा तो ७६ वर्षांचा होता आणि ती ३४ वर्षांची. २ जानेवारी १९०४ रोजी त्याच्या मृत्यूनंतर तिने नवऱ्याची बाजू मांडण्यासाठी पुस्तक लिहिले. दुसऱ्या महायुद्धात, वयाची ऐंशी गाठत असताना, बॉम्बफेकी विमानांच्या कारखान्यात रिव्हेट ठोकण्याचे काम केले. आणि १९५० मध्ये जॉर्जियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक लढवली. ती १९६२ पर्यंत जगली. तिच्यावर स्वतंत्र धागा काढता येईल.

काळी_माती

धागा वाचनीय आहे, परंतु अशा चर्चांत नेहमी राहून जाणारी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. १८६३ च्या उन्हाळ्यात लीचे सैन्य पेनसिल्व्हेनियात शिरले तेव्हा त्याने धान्य आणि गुरांबरोबर काळ्या माणसांनाही पकडून दक्षिणेकडे धाडले. त्यांत पळून आलेले गुलाम होते, तसेच जन्मापासून स्वतंत्र असलेले लोकही होते. लाँगस्ट्रीटच्या मुख्यालयाचा कारभार सांभाळणाऱ्या मॉक्सली सॉरेलने १ जुलै रोजी पिकेटला पाठवलेल्या पत्रात पकडलेल्या अशा लोकांना पुढील विल्हेवाटीसाठी सोबत आणावे, अशी सूचना आहे. ते पत्र लाँगस्ट्रीटच्या मुख्यालयातून गेले होते. गेटिसबर्गला वळसा घालावा की समोरून जावे, या त्याच्या युक्तिवादाचे आपण कौतुक करतो, तेव्हा त्याच सैन्याच्या पिछाडीला दोरखंडांनी बांधलेली माणसेही चालत होती हे लक्षात असू द्यावे.

१८६७ च्या पत्रांबाबतही सावधगिरी हवी. त्याच वर्षी जुलैमध्ये एका परिचिताला लिहिलेल्या खासगी पत्रात त्याने आपले गणित सांगितले आहे: काळ्या नागरिकांना मत मिळालेच आहे, तर ते मत आपल्याला अपायकारक ठरू नये म्हणून त्यावर आपला प्रभाव हवा, आणि तो रिपब्लिकन होऊनच साधता येईल. समतेचा साक्षात्कार झालेल्या माणसाची ही भाषा नव्हे.

उत्तरायण

काळी_माती यांचा पहिला मुद्दा मूळ लेखात यायलाच हवा होता. तो येथे आला हे चांगले झाले.

दुसऱ्या मुद्द्यालाही माझी हरकत नाही. १८६७ मधील लाँगस्ट्रीट हा व्यवहारी पराभूत होता. परंतु १८६७ वर थांबले तर चित्र अर्धे राहते. पुढच्या पाच वर्षांत तो लुइझियानाच्या राज्य मिलिशियाचा (नागरिकांच्या राखीव सैन्याचा) प्रमुख झाला, आणि त्या मिलिशियात मोठ्या संख्येने काळे सैनिक व काळे अधिकारी होते. १४ सप्टेंबर १८७४ रोजी व्हाइट लीग या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या सुमारे ५,००० हत्यारबंद लोकांनी निवडून आलेले रिपब्लिकन सरकार उलथण्यासाठी न्यू ऑर्लिन्सच्या कॅनाल स्ट्रीटवर चाल केली. त्यांत अनेक माजी कॉन्फेडरेट (दक्षिणेचे) सैनिक होते. त्यांच्यासमोर महानगर पोलीस आणि काळ्यांची मिलिशिया घेऊन लाँगस्ट्रीट उभा राहिला. तो घोड्यावरून ओढला गेला, त्याला वेग ओसरलेली गोळी लागली आणि तो कैद झाला. ३० हून अधिक माणसे मेली. ग्रँटने केंद्रीय फौज पाठवल्यावर सरकार परत आले, परंतु तीन वर्षांत ती फौज निघून गेली आणि पुनर्रचना संपली. व्हाइट लीगच्या गौरवासाठी १८९१ मध्ये तेथे स्तंभ उभारला गेला. शहराने तो एप्रिल २०१७ मध्ये हटवला. मनात गणित काहीही असो, त्या दिवशी तो रस्त्याच्या कोणत्या बाजूला उभा होता हे अर्ली आणि पेंडल्टनच्या मित्रमंडळींनी नीट लक्षात ठेवले.

सह्यवाट

एक शंका. ग्रँटने दिलेली जकातीची नोकरी हीच त्याच्या पक्षांतराची किंमत होती, असा आरोप त्या काळीही झाला होता. तो आपण कसा खोडून काढाल? आणि त्याने स्वतः लिहिलेल्या आठवणींचे काय? त्या मी पूर्वी वाचल्या आहेत आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यांतला लाँगस्ट्रीट मला आवडला नाही. जेथे तेथे आपणच बरोबर होतो, असा सूर आहे.

उत्तरायण

तारखांचा क्रम पाहिला तर नोकरीचा आरोप सैल पडतो. पत्रे १८६७ च्या पहिल्या सहामाहीतली आहेत. ग्रँट त्या वेळी राष्ट्राध्यक्ष नव्हता, रिपब्लिकन पक्षाचा उमेदवारही नव्हता; नेमणूक झाली मार्च १८६९ मध्ये. पत्रे छापताना लाँगस्ट्रीटचा धंदा चालू होता आणि पत्रांनीच तो बुडवला. मैत्रीचा फायदा त्याला नंतर मिळाला, हे खरे. ग्रँटने शब्द टाकूनही त्याआधी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने त्याला माफी नाकारली होती. जेफरसन डेव्हिस, ली आणि तू, या तिघांना माफी मिळणार नाही, असे जॉन्सनने त्याच्या तोंडावर सांगितले. शेवटी जून १८६८ मध्ये काँग्रेसने त्याचे राजकीय हक्क परत दिले. पुढे तो तुर्कस्तानात अमेरिकेचा राजनैतिक प्रतिनिधी, जॉर्जियात मार्शल आणि अखेरीस रेल्वे आयुक्त झाला, तो सगळा रिपब्लिकन सरकारांचा आश्रय होता.

आठवणींबद्दल आपले मत मला पटते. १८९६ साली प्रसिद्ध झालेले ते पुस्तक आणि त्याआधीचे त्याचे लेख हे त्याच्या बाजूचे सर्वांत कमकुवत साक्षीदार आहेत. पंचवीस वर्षे टोमणे खाऊन तो इतका कडवट झाला होता की लीचा गेटिसबर्गला तोल ढळला होता असे त्याने छापून टाकले, आणि बचावात्मक लढाई लढण्याचे लीने आपल्याला वचनच दिले होते, असाही दावा केला. लीला देवत्व मिळाले होते त्या दक्षिणेत याहून अधिक घातक लिहिणे शक्य नव्हते. अर्लीला जे सिद्ध करता आले नसते, ते लाँगस्ट्रीटने आपल्या लेखणीने वाचकांच्या मनात ठसवले.

मात्र त्याच्या बाजूचे सर्वांत भक्कम साक्षीदार तो स्वतः नाही, तर लीचेच अधिकारी आहेत. सूर्योदयाच्या आदेशाबद्दल त्याने लीच्या मुख्यालयातील टेलर, मार्शल, व्हेनेबल आणि लाँग यांना पत्रे लिहून विचारले. असा आदेश आपल्याला ठाऊक नाही, अशा आशयाची उत्तरे चौघांकडून आली. त्यांतले सगळेच त्याचे स्नेही नव्हते. तरीही १८७७ पासून सदर्न हिस्टॉरिकल सोसायटीच्या अंकांतून त्याच्यावरचे लेख येत राहिले आणि पुढची दोन-तीन पिढ्या पाठ्यपुस्तके त्यांवरच पोसली. १९७४ साली आलेल्या एका गाजलेल्या कादंबरीने आणि १९९३ च्या चित्रपटाने सामान्य वाचकाचे मत उलट दिशेने झुकवले. आता तर त्याला आधुनिक युद्धशास्त्राचा द्रष्टा ठरवण्यापर्यंत काहींची मजल जाते, आणि नॉक्सव्हिल पाहता तेही मला मान्य नाही.

तोफखाना

पत्रांचा मुद्दा मान्य. परंतु २ जुलैच्या सकाळबद्दल आपण उत्तर दिले नाही.

उत्तरायण

देतो. मॅनॅससच्या दुसऱ्या लढाईत, २९ ऑगस्ट १८६२ रोजी, लीने त्याला तीनदा हल्ला सुचवला आणि तिन्ही वेळा लाँगस्ट्रीटने समोरची जमीन व आपल्या बगलेवर असलेली युनियनच्या पोर्टरची कोअर यांचे कारण देऊन थांबण्याचा आग्रह धरला. लीने तो ऐकला, आणि दुसऱ्या दिवशीच्या विजयाने तो आग्रह योग्य ठरवला. गेटिसबर्गला त्याला वाटले की याही वेळी ली ऐकेल. ली ऐकत नाही हे स्पष्ट झाल्यावर त्याने आपली नाराजी लपवली नाही. सॉरेलसारख्या जवळच्या अधिकाऱ्यानेही त्या दिवशी त्याच्यात नेहमीचा उत्साह नव्हता असे लिहून ठेवले आहे. हूडला दिलेला नकार मी याच नाराजीच्या खात्यात धरतो, आणि वाटेची आधी पाहणी करून घेण्याची जबाबदारी कोअरचा प्रमुख म्हणून अंशतः त्याचीही होती. लॉसाठी थांबणे मात्र लीच्या संमतीने झाले. ती ब्रिगेड रात्री तीनच्या सुमारास निघून वीस मैलांहून अधिक चालून दुपारच्या आसपास पोहोचली होती, पिकेटची डिव्हिजन त्या वेळी रणांगणावर नव्हतीच, आणि लॉला मागे ठेवून निघाले असते तर हूडची डिव्हिजन चारऐवजी तीन ब्रिगेडींनी लढली असती.